एक मैदान, तीन कारभारी

गोव्यात शहर कुठे संपले आणि गाव कुठे लागले, हे रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही. घरांची ओळ तुटत नाही, दुकाने तीच, कदंबची बसही तीच. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली आणि त्यातले ६२.१७ टक्के लोक शहरी म्हणून मोजले गेले. देशातल्या सगळ्या राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. पण कायद्याने शहर म्हणावीत अशी ठिकाणे त्या मोजणीत होती फक्त १४. एक पणजी महानगरपालिका आणि १३ नगरपालिका. आणखी ५६ ठिकाणांना जनगणनेने शहर म्हटले, तरी तिथला कारभार पंचायतींकडेच राहिला.

फरक कागदावरचा वाटतो, पण तो मुलांच्या खेळापर्यंत जाऊन पोचतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायचे १८ विषय आहेत आणि त्यांत उद्याने, बागा, क्रीडांगणे सरळ लिहिलेली आहेत. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत विषय २९, पण त्यांत ना मैदान, ना बाग. वाचनालये आहेत, सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, सामुदायिक मालमत्तेची देखभाल आहे. मैदान बसवायचेच तर त्या शेवटच्या विषयात ओढूनताणून बसवावे लागते. ज्या गावांत आज फ्लॅटच्या इमारती उठताहेत आणि मुलांना अंगण उरलेले नाही, नेमक्या त्याच गावांच्या पंचायतीवर मैदानाची जबाबदारी कोणी स्पष्ट शब्दांत टाकलेली नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते.

पुढचे प्रकरण पंच आणि नगरसेवकांच्या चर्चेसाठी रचलेले आहे. ते कोणा एका गावाचे नाही. पालिका आणि पंचायत यांच्या सीमेवर जे जे घडते ते इथे एका मैदानावर आणून मांडले आहे, म्हणून गावांना नावेही दिलेली नाहीत. उत्तर गोव्यातली एक छोटी पालिका, तिला लागून सड्यावरची एक पंचायत आणि खाली मळ्याकडची दुसरी. कायदे, तारखा आणि कारभाराची रीत मात्र खरी आहे.

तिघांकडे काय होते

पालिकेकडे बाग होती. बसस्थानकापासून पाच मिनिटांवर, झोपाळे, घसरगुंडी, सिमेंटची बाकडी, एक माळी, एक रखवालदार, पिण्याच्या पाण्याचा नळ. नव्हती ती धावायला जागा. मोठ्या मुलाने चेंडूला लाथ मारली की चेंडू थेट रस्त्यावर.

सड्यावरच्या पंचायतीकडे मैदान होते. जांभ्याचा सपाट सडा, पावसाळ्यात गुडघाभर गवत, मार्चपासून तांबडी धूळ. फुटबॉल तिथे पिढ्यान् पिढ्या चाललेला. जत्रेला तिथेच गाड्या लागत, काल्याला तिथेच दुकानांची रांग बसे, आणि एरवी गावची गुरे चरत. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या मूळ कुटुंबांच्या, गावकारांच्या, सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव कोमुनिदादीचे, वापर गावाचा, आणि डागडुजी कोणाचीच नाही.

मळ्याकडच्या पंचायतीकडे सभागृह होते. आत बॅडमिंटनच्या पट्ट्या मारलेल्या, पण आठवड्यातले बहुतेक दिवस दाराला कुलूप, कारण किल्ली एका पंचाच्या घरी असायची आणि पंच नोकरीला पणजीत. शिवाय तळ्याच्या बांधावरून जाणारी एक सुरेख पायवाट होती. तिचा विचार मनोरंजनाची सोय म्हणून कोणी कधी केलाच नव्हता.

एकाकडे बाग आणि माणसे, दुसऱ्याकडे जागा, तिसऱ्याकडे छप्पर. तिन्ही ठिकाणे पायी अर्ध्या तासाच्या आत. पालिका आणि सडा यांच्या मधून एक व्हाळ वाहतो, त्यावर जुना साकव आहे आणि तीच दोघांची सीमा.

दिवे लागले आणि भांडण सुरू झाले

मैदानाला एका वर्षी वरून निधी मिळाला. चार खांब उभे राहिले, त्यांवर दिवे चढले, भोवती जाळी आली, फाटक बसले, कोनशिला लागली. उद्घाटनाला शहर आणि गाव दोन्ही आले होते आणि त्या संध्याकाळी सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता. तो आनंद खोटा नव्हता. अंधार पडल्यावरही मुले खेळताहेत हे गावाने पहिल्यांदाच पाहिले.

वीजजोडणी पंचायतीच्या नावावर घेतली होती. हिशेब मात्र कोणी करून पाहिला नव्हता. चार खांबांवर ४०० वॅटचे १६ दिवे म्हणजे ६.४ किलोवॅट. रोज दोन तास लावले तर दिवसाला जवळजवळ १३ युनिट, महिन्याला चारशेच्या आसपास. हे तरी समजण्यासारखे होते. पंचायतीला चटका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. जून-जुलैत दिवे लागलेच नाहीत, तरी बिल आलेच. जोडणी घेताना जो भार मंजूर होतो त्याचा स्थिर आकार दिवे लागोत न लागोत भरावाच लागतो, हे सचिवांना माहीत होते. पंचांना नव्हते. पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यापार परवाने, बांधकाम परवान्याचे शुल्क. त्यातूनच गटार, त्यातूनच पथदीप, त्यातूनच कचरा. आता त्यात मैदान आले.

आणि मैदानावर उजेडात दिसू लागली ती शहरातली मुले. शहरातल्या दोन प्रशिक्षणवर्गांनी आपले सराव सड्यावर हलवले होते. पालक गाड्या घेऊन येत आणि जत्रेच्या वाटेवर त्या लावत. वर्गाची फी शहरात जमा होई, दिव्याचे बिल गावात येई. गावच्या पोरांना संध्याकाळी सहाला मैदान मिळायचे ते आता आठला मिळू लागले. आठला आई जेवायला हाक मारते.

रविवारच्या ग्रामसभेत हा विषय निघाला आणि तापला. "मैदान आमचे, बिल आमचे आणि खेळणार कोण तर पालिकावाले?" असा एक सूर. दुसरा सूर वयस्कर माणसांचा, की खेळायला आलेल्या पोराला गावाने कधी हाकलले नाही, आज का हाकलावे? पहिल्या सुराला टाळ्या मिळाल्या. पंधरा दिवसांत फाटकावर पाटी आली: फक्त पंचायत क्षेत्रातील रहिवाशांसाठी.

पालिकेनेही मग उत्तर दिले. बागेला बाहेरच्यांसाठी दहा रुपये प्रवेशशुल्क लावायचा ठराव झाला.

त्या दहा रुपयांचे काय झाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. सड्यावरची बरीच मुले शहरातल्या शाळेत जातात. शाळा सुटल्यावर बस यायला वेळ असतो, तोवर ती बागेत बसत. ठरावानंतरच्या आठवड्यात एक आजी नातवाला घेऊन फाटकाशी आली. रखवालदाराने विचारले, "आजी, घर कुठे तुमचे?" आजीने सड्यावरच्या वाड्याचे नाव सांगितले. "मग दहा रुपये पडतील. शहरातल्यांना फुकट."

"बाबा, माझे माहेर या बागेच्या मागे," आजी म्हणाली. "बाग व्हायच्या आधी इथे माझ्या बापाचे माड होते."

रखवालदाराचे काही चुकले नव्हते. त्याच्या खिशात पावतीपुस्तक होते आणि ते पालिकेच्या ठरावाने छापलेले होते. नातू तोवर घसरगुंडीची शिडी चढून वर पोचला होता. आजीने त्याला हाक मारून खाली बोलावले, दप्तर पुन्हा त्याच्या खांद्याला अडकवले आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली.

रहिवासी कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवायला शिधापत्रिका पुरते. गोव्यात मात्र सासर एका पंचायतीत, माहेर पालिकेत, शाळा तिसरीकडे आणि नोकरी चौथीकडे असते. बाहेरच्याला जास्त शुल्क हा नियम महानगरात चालत असेल, अर्ध्या तासाच्या परिघात तो नात्यांवर जाऊन आदळतो. शुल्कातून जमा किती झाली? रखवालदाराच्या पावत्या मोजायला लागणारा कारकुनाचा वेळही त्यातून सुटत नव्हता.

समिती आधी, काम मागाहून

पहिला प्रयत्न नेहमीच्या वाटेने झाला. कोणीतरी सुचवले की तिघांची संयुक्त समिती करावी. दोन बैठका झाल्या. दोन्हींत चर्चा एकाच गोष्टीवर: अध्यक्ष कोण? नगराध्यक्षांचे म्हणणे, पालिका मोठी. सड्याच्या सरपंच बाईंचे म्हणणे, मैदान आमचे. मळ्याकडचे सरपंच म्हणाले, मग मी कशाला येऊ? तिसरी बैठक बोलावली गेलीच नाही.

मला वाटते, इथे बहुतेक प्रकरणे मरतात. समिती स्थापन झाली की काम सुरू झाले असे आपल्याकडे धरून चालतात. वाटून काय घ्यायचे हेच ठरलेले नसताना वाटणी करणारा कोण यावर आधी भांडायचे, मग दुसरे काय होणार? घटनेने जिल्हा नियोजन समितीवर पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या गोष्टी पाहण्याचे काम सोपवले आहे. जागेचे नियोजन, पाणी, पायाभूत सोयी हे सगळे त्यात येते. कागदावर या कामाला घर आहे. पण मैदानाच्या दिव्याचा प्रश्न जिल्ह्याच्या टेबलापर्यंत चढत नाही आणि चढला तरी उतरेपर्यंत मुले मोठी झालेली असतात.

शेजाऱ्यांनी एकत्र येण्याची एक पद्धत गोव्याने पाहिलेली आहे, ती कचऱ्याची. साळगावचा घनकचरा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला आणि बार्देशच्या किनारी गावांचा कचरा एका ठिकाणी जाऊ लागला. ते घडले कारण सरकारने बांधून दिले आणि कारण कचरा रस्त्यावर पडून राहिला की नाक दाबावे लागते. मैदान नसल्याचा वास येत नाही. त्यामुळे वरून कोणी सक्ती करील अशी वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

उतारा कोणाच्या नावाचा

या सगळ्यात कोमुनिदादीला कोणी विचारलेच नव्हते आणि मालक तर तीच. पालिका चालते १९६८ च्या कायद्याने, पंचायत १९९४ च्या आणि कोमुनिदाद पोर्तुगीज अमदानीतल्या १९६१ च्या संहितेने. एका मैदानावर तीन कायदे उभे होते. जाळी आणि फाटक बसवताना कोमुनिदादीकडून ना हरकत घेतली होती का, याचे उत्तर कोणत्याच फायलीत सापडले नाही.

कोमुनिदादीच्या अध्यक्षांना पंचायतीकडून पत्र गेले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा होता: "आज दिवे, उद्या पॅव्हेलियन, परवा दुकाने. मग जमीन कोणाची?" या प्रश्नाला कोणी नावे ठेवू नयेत. कोमुनिदादीच्या जमिनींवर गोव्यात किती अतिक्रमणे झाली हे गावकारांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे. एकदा वापर सुरू झाला की तो हक्क बनतो, हा त्यांचा अनुभव आहे. त्यांचा विरोध मुलांच्या खेळाला नव्हता, पक्क्या बांधकामाला होता. हे वेगळे करून ऐकायला कोणीतरी हवे होते.

ते ऐकले दोन माणसांनी. एक सड्याच्या पंचायतीच्या सचिव, दुसरे शहरातल्या शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. सगळा परिसर त्यांना मास्तर म्हणतो. मास्तरांचे विद्यार्थी पालिकेतही होते, पंचायतीतही आणि कोमुनिदादीतही. त्यांनी एकच प्रश्न धरला: मैदान कोणाचे हे बाजूला ठेवू, मैदानावर कोण कधी असतो ते सांगा.

वेळापत्रक

उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. पहाटे चालायला येणारे जवळजवळ सगळे शहरातले, त्यात मधुमेहाची गोळी घेणारे अर्धे. त्या वेळी गावची पोरे झोपलेली. दुपारी तीन ते पाच मैदान ओस, कारण ऊन. पाच ते सात सगळेच येऊन धडकत. रविवारी गाव विरुद्ध गाव सामने. भांडण होते ते दोन तासांचे, त्यासाठी चोवीस तास कुलूप.

मग त्या दोन तासांचा तोडगा निघाला. प्रशिक्षणवर्गांना साडेतीन ते साडेपाच. उन्हाची तक्रार झाली, तेव्हा मास्तरांनी मैदानाच्या पश्चिम कडेला काजू आणि आंब्याची सावली कुठवर येते ते दाखवले आणि लहान मुलांचा सराव त्या बाजूला नेला. साडेपाचपासून गावची मुले, विनाशुल्क. साडेसातनंतर दिवे हवे असतील तर ज्याला हवे त्याने तासाचे पैसे भरायचे, मग तो गावचा असो की शहरातला. दिव्यांना वेगळे सबमीटर बसले आणि त्याचे वाचन फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचे ठरले. स्थिर आकार प्रशिक्षणवर्गांनी मिळून उचलायचा, कारण दिवे आले म्हणूनच त्यांचे वर्ग सड्यावर आले होते. मंजूर भार कमी करून घेता येतो का हेही सचिवांनी वीज खात्याकडे विचारले, आणि एका वेळी दोनच खांब लावायचे ठरवून भार खरोखरच कमी करून घेतला. सगळ्या करारात पैसा वाचवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती.

शिमग्याचे दिवस, जत्रा, काला, नरकासुराची रात्र आणि गावातल्या लग्नकार्याला लागणारे दिवस आधीच लिहून ठेवले. त्या दिवशी मैदान गावाचे, कोणी विचारायचे नाही. शहरातल्यांना हे लगेच पटले, कारण जत्रेला तेही येतातच.

एका गोष्टीवर मात्र अडले. पालिकेच्या अभियंत्याने सुचवले की गवत राहावे म्हणून जून ते सप्टेंबर मैदान बंद ठेवावे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण पावसात फुटबॉल खेळू नको हे सड्यावरच्या पोराला सांगणार कोण? पहिला पाऊस पडला की चिखलात घसरत खेळायचे, मग व्हाळावर जाऊन धुवायचे, हाच त्यांचा हंगाम. शेवटी अर्धे मैदान दोरी बांधून राखले, अर्धे चिखलाला सोडले. शहरातल्या बागेचे नियम सड्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण असे करार लिहिणारा हात बहुधा पालिकेचाच असतो.

पैसे न ओलांडता

पालिकेचे मुख्याधिकारी या कामाला अनुकूल होते, पण त्यांचा प्रश्न रास्त होता. हद्दीबाहेर पालिकेचा पैसा खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, तो कोण निस्तरणार? यावर सरळ उत्तर असे निघाले की पैसा सीमा ओलांडणारच नाही. ओलांडेल ती सेवा, तीही पालिकांवर देखरेख करणाऱ्या संचालनालयाची मंजुरी घेऊन.

पालिकेने द्यायचे ते असे: गवत कापायचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस महिन्यातून दोनदा, मैदानावरचा कचरा उचलायला आठवड्यातून तीनदा तिची गाडी, आणि बागेतले प्रवेशशुल्क रद्द. सड्याच्या पंचायतीने द्यायचे ते ठरलेल्या वेळा आणि फाटकाची राखण. मळ्याकडच्या पंचायतीने सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडायचे आणि तळ्याच्या बांधाची पायवाट मोकळी ठेवायची. बदल्यात तिच्या हद्दीतला हिरवा कचरा पालिकेच्या गाडीने उचलायचा.

कोमुनिदादीसाठी वेगळे कलम: या वापरातून कोणाचाही कसलाही हक्क निर्माण होणार नाही, कोणतेही पक्के बांधकाम होणार नाही आणि कोमुनिदादीने मागितल्यास सहा महिन्यांत मैदान मूळ स्थितीत परत. हे कलम करारात पहिल्या क्रमांकावर घातले. अध्यक्षांनी ते वाचले आणि मग बाकीचे वाचायची तयारी दाखवली. कोमुनिदादींवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्रशासकांकडून ना हरकत यायला वेळ लागला, तरी ती आली.

अध्यक्षपदाचे काय? कोणीच अध्यक्ष झाला नाही. पालिकेचा स्वच्छता निरीक्षक आणि दोन्ही पंचायतींचे सचिव महिन्यातून एकदा मैदानावर भेटतात, उभ्या उभ्या बोलतात आणि एका वहीत सह्या करतात. निवडून आलेले लोक वर्षातून एकदाच बसतात, वेळापत्रक मंजूर करायला.

निवडणुकांची वर्षे जुळत नाहीत

हा करार पाच वर्षांचा करावा असे आधी ठरत होते. सचिव बाईंनी त्यावर बोट ठेवले. कोणाची पाच वर्षे? गोव्यातल्या बहुतेक पालिकांच्या निवडणुका २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये झाल्या. १८६ पंचायतींसाठी मतदान १० ऑगस्ट २०२२ रोजी. फोंडा आणि साखळी पालिकांचे त्याहून पुढे, मे २०२३ मध्ये. म्हणजे शेजारी बसलेल्या दोन संस्थांपैकी एक नेहमी नवखी असते नाहीतर जाण्याच्या वाटेवर. त्यात पंचायतींमधले अविश्वास ठराव. आज ज्याने सही केली तो सरपंच सहा महिन्यांनी साधा पंच असू शकतो.

म्हणून तीन गोष्टी केल्या गेल्या. करार व्यक्तींच्या नावाने केला नाही. तो पालिका मंडळाच्या आणि दोन्ही ग्रामसभांच्या ठरावाला जोडला, म्हणजे मोडायचा तर पुन्हा ग्रामसभेत लोकांसमोर उभे राहून मोडावा लागेल. आणि मुदत अशी धरली की ती कोणत्याच निवडणुकीच्या वर्षात संपत नाही.

कसोटी लवकरच लागली. सड्याच्या सरपंच बाईंवर अविश्वास आला, त्या गेल्या. नव्या सरपंचांनी प्रचारात शहरातून येणाऱ्या पालकांच्या गाड्यांविरुद्ध बोलून घेतले होते. त्यांनी पहिल्या महिन्यात वर्गांच्या वेळा रद्द करायचा विषय काढला. ग्रामसभेत उठून बोलल्या त्या गावच्याच दोन आया. त्यांच्या मुली आता शहरातल्या वर्गाबरोबर फुटबॉल शिकत होत्या, कारण वर्ग घरासमोर आला होता. विषय मतालाही गेला नाही. सरपंचांचे कौतुक असे की त्यांनी तो पुन्हा काढला नाही. आज गाड्या लावायची जागा त्यांनीच जत्रेच्या वाटेवरून हलवून दिली आहे.

मळ्याकडे मात्र तुटले. सभागृह काही महिने ठरल्याप्रमाणे उघडले, मग पुन्हा किल्ली हरवू लागली. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. सभागृहाच्या भाड्यातून त्या पंचायतीला लग्नाच्या हंगामात खरी कमाई होते आणि करारात तिला मिळत होता फक्त कचरा उचलून. बाकी दोघांना जितके मिळाले तितके तिला मिळाले नाही. देणेघेणे असमान असेल तर चांगुलपणावर ते दोन पावसाळेही टिकत नाही. दुरुस्ती अशी सुचवली आहे की बॅडमिंटनसाठी शहरातल्या खेळाडूंनी तासाचे भाडे पंचायतीला थेट द्यावे आणि किल्ली शेजारच्या अंगणवाडीत ठेवावी. पंचायतीने अजून होकार दिलेला नाही. तळ्याच्या बांधावरची वाट मात्र चालू आहे, आणि पहाटेचे अर्धे चालणारे आता मैदानाऐवजी तिकडे जातात. ते कोणी ठरवले नव्हते.

जे अजून राहिले

मैदानावर शौचालय नाही. पुरुषांना ते जाणवत नाही, म्हणून तीन वर्षांच्या चर्चेत ते कोणाच्या यादीत आले नाही. मुलींचा सराव सुरू झाल्यावर दिसले की बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुली गळतात. मास्तरांनी त्यांच्या आयांना विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले. दोन तास सराव, येण्याजाण्याचा अर्धा तास, आणि मधे जायला आडोसा नाही. पाळीच्या दिवसांत तर मुलगी घरीच राहते. दिव्यांसाठी खांब आले, कोनशिला आली, जाळी आली, आणि या एका गोष्टीशिवाय अर्ध्या गावाला मैदान नसल्यासारखेच आहे. मला याचा राग येतो आणि तो लपवायचे कारण दिसत नाही.

अडचण जागेची. कोमुनिदादीच्या जमिनीवर पक्के बांधकाम नाही, हे तर करारातले पहिलेच कलम. ते मोडून शौचालय बांधायचे म्हटले तर सगळा विश्वास त्याच दिवशी जाईल. सध्या पुढे आलेला प्रस्ताव असा आहे की शौचालय साकवाच्या पलीकडे, पालिकेच्या हद्दीत बांधायचे. फाटकापासून चालत दोन मिनिटे. पालिका स्वतःच्या हद्दीत बांधणार, म्हणून लेखापरीक्षणाचा प्रश्न नाही. टाकी उपसायची गाडी पालिकेकडेच आहे. झाडलोट करणाऱ्या बाईचा पगार प्रशिक्षणवर्ग आणि सड्याची पंचायत निम्मानिम्मा देणार. साकवावर कठडा आणि दोन दिवे लागतील, नाहीतर अंधार पडल्यावर तिथे कोणी मुलगी जाणार नाही. साकव सीमेवरच आहे आणि त्याची मालकी दोन्ही बाजूंच्या नोंदींत सापडत नाही, म्हणून कठड्याचा अर्ज सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेला आहे. पालिकेने आपल्या येत्या अंदाजपत्रकात शौचालयाची तरतूद धरली आहे. सड्याच्या ग्रामसभेत पगाराच्या निम्म्या वाट्याचा ठराव येत्या रविवारी मांडला जाणार आहे, आणि या वेळी तो मांडणाऱ्या त्याच दोन आया आहेत.